विंडोजवर सर्व्हर बसवायचाय: कागदावर '४ जीबी रॅम', प्रत्यक्षात काय काय लागतं?

पुस्तककीडा
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचत होतो, आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

आमचं तालुक्याच्या गावचं 'ब' वर्ग वाचनालय. १९ हजारांच्या आसपास पुस्तकं, दिवसाला दीडशेएक देवघेवी. आजवर सगळा कारभार दाखल नोंदवही आणि कार्डांवर. आता कार्यकारिणीने संगणकीकरणाचा ठराव केला आणि सचिव म्हणाले, 'तुम्हाला कळतं त्यातलं.' मला कळतं ते इतकंच, की एक्सेलमध्ये बेरीज येते.

प्रोग्रॅम देणाऱ्याने एक पान दिलंय. त्यावर लिहिलंय: एसक्यूएल सर्व्हर २०२२ एक्सप्रेस (म्हणे नोंदी साठवणारा डेटाबेस प्रोग्रॅम, त्याची फुकट आवृत्ती), प्रोसेसर आय३ किंवा वरचा, रॅम किमान ४ जीबी, विंडोज १० किंवा पुढचं. आणि त्याच पानाच्या मागे दीड लाखाचं कोटेशन, टॉवर सर्व्हर (म्हणजे खास यंत्र) आणि विंडोज सर्व्हर (म्हणजे त्यावरची खास विंडोज) यांच्यासकट! खजिनदारांनी ते पाहून चष्माच काढून ठेवला.

आमच्याकडे आहेत ते संगणक असे:
अ) ग्रंथपाल मॅडमचा, विंडोज ७, ३२-बिट, २ जीबी रॅम.
आ) एका सभासदाने दिलेला, चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०.

काउंटर, बालविभाग आणि ग्रंथपाल अशा तीन ठिकाणांहून हा प्रोग्रॅम चालायला हवा. 'आ' वर भागेल का? की खरंच दीड लाख घालायचे?

सर्किटबाबा
आधी एक गोष्ट. या पानावरचं 'किमान' म्हणजे 'सेटअप नाही म्हणणार नाही' एवढंच. त्यावर सुखाने काम होईल असं ते पान कुठेच म्हणत नाही.

एसक्यूएल सर्व्हर २०२२ च्या स्वतःच्या अटी वाचल्यात तर हसू येईल. प्रोसेसर १.४ गिगाहर्ट्झ, डिस्कवर ६ जीबी जागा, आणि एक्सप्रेस आवृत्तीला रॅम किमान ५१२ एमबी, शिफारस १ जीबीची. मग ४ जीबी कुठून आले? विंडोजच्या पोटापाण्यासाठी.

आणि गंमत म्हणजे एक्सप्रेसला वरूनही झाकण आहे. एका डेटाबेसला १० जीबी, बफरला (वाचलेला डेटा हाताशी ठेवायच्या जागेला) १४१० एमबी रॅम आणि फार तर ४ कोअर. तुम्ही ६४ जीबी रॅमचा टॉवर आणलात तरी एक्सप्रेस त्यातली दीड-पावणेदोन जीबी खाणार आणि उरलेली तशीच पडून राहणार. तो दीड लाखाचा सर्व्हर या प्रोग्रॅमला हत्तीच्या अंगावरची झूल आहे.

'अ' बाद. २०१६ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हर फक्त ६४-बिटवर बसतो, आणि २०२२ ला विंडोज १० च्या १६०७ च्या खालचं चालत नाही. तिथे पत्रं टाइप करा.

मैत्रेयी_पुणे
बाबा, १० जीबी पुरतील का पण? १९ हजार पुस्तकं आहेत.

सर्किटबाबा
ताई, पाटीवर हिशोब करू. एका पुस्तकाची नोंद, म्हणजे नाव, लेखक, प्रकाशक, दाखल क्रमांक, वर्गांक, किंमत, ऐसपैस धरा २ केबी. १९ हजार गुणिले २ म्हणजे ३८ एमबी. देवघेव रोज १५०, वर्षाचे ३०० दिवस, ४५ हजार ओळी. ओळीला २०० बाइट धरले तर वर्षाला ९ एमबी. तुमच्या नातवंडांची नातवंडं पुस्तकं बदलायला येईपर्यंत १० जीबी भरत नाहीत.

फक्त एक करू नका. मुखपृष्ठांचे फोटो डेटाबेसच्या आत टाकू नका. मोबाइलवर काढलेला फोटो बारीक करून ५०० केबी धरला, तरी १९ हजारांचे साडेनऊ जीबी. एका उन्हाळ्यात झाकणाला डोकं लागलं समजा. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता. प्रोग्रॅमवाल्याला हे आजच विचारा.

फोंडेकर
'आ' बद्दल. मशीन चालेल, पण विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चौथ्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. तिथे इंटेलची आठवी पिढी आणि पुढे, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क अशी अट आहे. जुगाड करून चढवणारे चढवतात. सभासदांचे पत्ते-फोन ज्यात आहेत त्या मशीनवर मी तरी करणार नाही.

दुसरं, फिरती हार्ड डिस्क. डेटाबेसला एका मोठ्या ओळीत नाही, इकडून थोडं तिकडून थोडं असं वाचायचं असतं, आणि तिथेच तिचा दम निघतो. प्रोसेसरवर पाच हजार जास्त घालण्यापेक्षा एसएसडीवर (न फिरणाऱ्या डिस्कवर) घाला.

कोहावाला_ऑकलंड
अहो पण ग्रंथालय म्हटल्यावर कोहा हा ग्रंथालयाचाच प्रोग्रॅम का नको? फुकट, मुक्त, आणि आमच्या न्यूझीलंडचं! १९९९ मध्ये होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी लिहायला घेतलं आणि जानेवारी २००० मध्ये ते चालूही झालं. माओरीत कोहा म्हणजे भेट, पण आपल्या आहेरासारखी. घेतली की कधीतरी परतफेड करायची.

सर्किटबाबा
कोहा उत्तमच, पण तो लिनक्सवर चालतो. विंडोजवर हवा तर पोटात आभासी यंत्र करून त्यात लिनक्स. त्यासाठी विंडोजचंच हायपर-व्ही घ्यायचं तर विंडोज होम चालणार नाही, प्रो हवं, आणि रॅम ८ जीबीलाही रडेल. ते सगळं बसवून दिलं तरी रात्री बिघडलं तर पाहणार कोण? पुस्तककीडा का?

पुस्तककीडा
पुस्तककीडा नाही पाहणार 🙏

कोहावाला_ऑकलंड
बरं बाबांनो. पाच वर्षांनी पुन्हा भेटू.

मैत्रेयी_पुणे
विंडोज सर्व्हर खरंच लागतं का, हा मूळ प्रश्न राहिला. आमच्या ऑफिसात याच विषयावर तासभर वाद झालाय म्हणून सांगते. एसक्यूएल एक्सप्रेस साध्या विंडोज ११ वर अधिकृतपणे बसतो, होमवरसुद्धा. विंडोज सर्व्हर घेतलं तर त्याची किंमत वेगळी आणि जोडणाऱ्या प्रत्येक माणसाची किंवा यंत्राची कॅल, म्हणजे परवाना, वेगळा. त्या दीड लाखात कॅल धरल्यात का ते बघा, बहुधा बारीक अक्षरात 'वगळून' असेल. साध्या विंडोजवर फाइल, प्रिंटर वगैरे वाटून घ्यायला २० यंत्रांची मर्यादा आहे. तुमची तीन आहेत.

प्रो मात्र घ्या. होममध्ये बाहेरून रिमोट डेस्कटॉपने आत येता येत नाही, आणि सर्व्हर एकदा कपाटाशेजारी ठेवला की त्याला मॉनिटर कोण जोडतो!

पुस्तककीडा
सगळ्यांचे आभार. कार्यकारिणीत बाबांचा पाटीवरचा हिशोब तसाच वाचून दाखवला. खजिनदारांनी चष्मा परत घातला. बाराव्या पिढीचा आय३, ८ जीबी, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ प्रो आणि एक यूपीएस, सगळं दीड लाखाच्या निम्म्याहून पुष्कळ कमी किमतीत आलं.

आणि आज सेटअप आपटला. पट्टी शेवटपर्यंत जाते, मग लाल फुली: 'वेट ऑन द डेटाबेस इंजिन रिकव्हरी हँडल फेल्ड'. तीनदा केलं, तीनदा तेच. प्रोग्रॅमवाला म्हणतो मशीन खराब, मशीनवाला म्हणतो प्रोग्रॅम खराब. मी दोघांच्या मध्ये मृदंगासारखा.

सर्किटबाबा
दोघेही चूक. तुमची एसएसडी बहुधा खरं बोलतेय, तेच भोवतंय.

कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडा आणि हे टाका, इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टंकताना रोमन अक्षरं: एफएसयूटिल, स्पेस, एफएसइन्फो, स्पेस, सेक्टरइन्फो, स्पेस, सी आणि कोलन. जे येईल त्यातल्या 'फिजिकल बाइट्स पर सेक्टर' ने सुरू होणाऱ्या दोन ओळी सांगा. एकीच्या शेवटी 'ॲटॉमिसिटी' असेल, दुसरीच्या 'परफॉर्मन्स'.

पुस्तककीडा
दोन्हीकडे १६३८४.

सर्किटबाबा
सापडला चोर. एसक्यूएल सर्व्हरला सेक्टर (डिस्कवरचा लिहायचा सगळ्यात लहान तुकडा) ५१२ बाइटचा किंवा ४०९६ चा चालतो, त्यापुढचा नाही. विंडोज १० असल्या डिस्कचा खरा आकार वर सांगत नसे, ४०९६ च दाखवायचं. विंडोज ११ चा एनव्हीएमई ड्रायव्हर डिस्क सांगेल तोच आकडा पुढे देतो. मग एसक्यूएल सर्व्हर बसतो, पण सुरू व्हायला गेला की कोसळतो. सेटअप बिचारा त्याची वाट बघत राहतो आणि तुम्हाला तो लांबलचक संदेश दाखवतो. लॉग फोल्डरमधली एररलॉग फाइल उघडलीत तर '२५६ मिसअलाइन्ड लॉग आयओ' असंही काही दिसेल.

उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत आहे. आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा, विनोद नाही. मग एचकेएलएम, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, स्टोरएनव्हीएमई, पॅरामीटर्स, डिव्हाइस इथपर्यंत जा. तिथे 'मल्टी-स्ट्रिंग' प्रकारची नवी नोंद करा, नाव फोर्स्डफिजिकलसेक्टरसाइझइनबाइट्स, सगळं सलग. तिच्यात लिहायचं: तारा (*), एक स्पेस, ४०९५.

हो, ४०९५. ४०९६ नाही. इथे माझे स्वतःचे दोन तास गेलेत, शहाणपणा करून एक वाढवला म्हणून.

मशीन पुन्हा सुरू करा, तीच कमांड द्या, ४०९६ आलं की आधीचं अर्धवट एसक्यूएल काढून नव्याने बसवा. काढल्यावरही एकदा रीस्टार्ट करा, नाहीतर सेटअपच्या तपासणीत 'रीस्टार्ट कॉम्प्युटर' या ओळीवर अडकाल.

पुस्तककीडा
बसलं!!! हिरव्या बरोबरच्या खुणांची रांग पाहून मॅडमनी चहा मागवला.

फोंडेकर
अभिनंदन. ही अट त्या पानावर कुठे होती?

पुस्तककीडा
पानावर 'हार्ड डिस्क: ५०० जीबी' इतकंच होतं.

पुस्तककीडा
पुन्हा मीच. सर्व्हरवर प्रोग्रॅम झकास चालतो. काउंटरच्या मशीनवरून मात्र 'सर्व्हर सापडत नाही'. पिंग जातंय.

मैत्रेयी_पुणे
एक्सप्रेस बसतो तेव्हा त्याचं टीसीपी-आयपी, म्हणजे नेटवर्कवरून बोलायची सोय, बंद असतं. घरात बोलतो, खिडक्या लावून. कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा. स्टार्टमध्ये दिसला नाही तर रनमध्ये 'एसक्यूएलसर्व्हरमॅनेजर१६ डॉट एमएससी' असं टाका. त्यात प्रोटोकॉल्समध्ये टीसीपी-आयपी चालू करा. त्याच्या गुणधर्मांत अगदी तळाला 'आयपी ऑल' आहे, तिथे डायनॅमिक पोर्टचा रकाना कोरा करा, खालच्या रकान्यात १४३३ लिहा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. एसक्यूएलची 'ब्राउझर' सर्व्हिस (सर्व्हरचं पोर्ट शोधून देणारी, इंटरनेटचा ब्राउझर नव्हे) वापरणार असाल तर यूडीपी १४३४ ही फायरवॉलमध्ये उघडावं लागेल. मी म्हणेन तो फाटाच नको, प्रोग्रॅमला सर्व्हरचं नाव देताना पुढे स्वल्पविराम आणि १४३३ द्या.

फायरवॉलमध्ये १४३३ चा आत येणारा नियम करा, पण फक्त खाजगी नेटवर्कसाठी. आणि मग तुमचं नेटवर्क विंडोजने 'पब्लिक' ठरवलं नाही ना ते पाहा. नवीन मशीन बहुतेक वेळा तसंच ठरवतं.

राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता राखून ठेवा. नाहीतर एक दिवस वीज जाऊन येईल आणि सर्व्हरचं घर बदललेलं असेल.

पुस्तककीडा
ताई, पब्लिकच होतं. सार्वजनिक वाचनालय म्हणून असेल 😄 आता तिन्ही मशीन बोलतायत.

वाचनवेडी
मी त्याच वाचनालयाची सभासद आहे (ओळखा बघू). काल चार वाजता काउंटरवर रांग लागली होती आणि ताई म्हणत होत्या 'सर्व्हर गेला'. कुठे गेला होता तो?

पुस्तककीडा
😳 हो. हाच प्रश्न घेऊन आलोय. आमची वेळ सकाळी ८ ते १२, दुपारी ४ ते ८. सकाळी सुरळीत. चारला सगळं ठप्प. सर्व्हरच्या माउसला हात लावला की जिवंत.

फोंडेकर
वामकुक्षी. चार तास कुणी कीबोर्डला हात लावला नाही, मशीन झोपलं. विंडोज ११ घरगुती वापराच्या सवयी घेऊन येतं, त्याला आपण सर्व्हर आहोत हे कुणी सांगितलेलं नसतं. पॉवरमध्ये 'स्लीप' कधीच नाही असं ठेवा. स्क्रीन खुशाल बंद होऊ दे. विंडोज अपडेटमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' सकाळी ७ ते रात्री ९ टाका, १८ तासांपर्यंत देता येतात, म्हणजे भर देवघेवीत रीस्टार्ट घेणार नाही.

वाचनवेडी
आणि माझं नाव पावतीवर सात प्रश्नचिन्हं असं छापून आलंय. तेही झोपेतच का?

सर्किटबाबा
हाहा. नाही, हे वेगळं दुखणं, आणि हेही त्या पानावर नसणार. नावाचा रकाना 'व्हारचार' प्रकारचा असेल, तो हवा 'एनव्हारचार', म्हणजे युनिकोड साठवणारा. शिवाय प्रोग्रॅममधून मराठी मजकूर पाठवताना अवतरणचिन्हाच्या आधी 'एन' हे अक्षर लागतं. ते नसलं तर रकाना बरोबर असूनही प्रश्नचिन्हंच येतात. जागेचं म्हणाल तर एनव्हारचारमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला २ बाइट लागतात. २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ या दुसऱ्या साठवण-पद्धतीची सोयही आहे, पण तिथे देवनागरीला ३ लागतात, म्हणजे आपल्याला जुनीच बरी.

वाईट बातमी: एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठलं की मूळ नाव गेलं. रकाने बदलून घ्या आणि एक्सेलमधून यादी पुन्हा भरा. यादी कुठे आहे?

पुस्तककीडा
सभासदांची एक्सेल मीच केलेली, युनिकोडमध्ये, ती आहे. प्रोग्रॅमवाल्याने रकाने बदलायचं कबूल केलंय, 'आजवर कुणी मराठीत नावं टाकलीच नव्हती' म्हणाला. पुस्तकांची जुनी यादी मात्र मॅडमच्या विंडोज ७ वर, जुन्या फॉन्टमध्ये. त्या मशीनबाहेर ती उघडली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

मैत्रेयी_पुणे
त्या मशीनला हात लावू नका! तो फॉन्ट आणि ती फाइल आधी दोन पेनड्राइव्हवर घ्या. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारी साधनं आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी यांची जागा चुकते, तेव्हा निदान पहिली दोनशे नावं डोळ्याने तपासा. 'अ' मशीन बाद म्हणाले होते ना बाबा? तेच सगळ्यात मौल्यवान निघालं.

सर्किटबाबा
शब्द मागे.

बॅकअपचं काय ठरवलंत? एक्सप्रेसमध्ये एजंट नसतो, त्यामुळे वेळ लावून आपोआप बॅकअप घेणारा गडी त्यात नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी (एसक्यूएलला हुकूम देणारी कमांड) चालवायचं. फाइल डेस्कटॉपवर टाकायला सांगू नका, सर्व्हिसच्या खात्याला तिथे परवानगी नसते. सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करून त्या खात्याला हक्क द्या, मग ती फाइल बाहेरच्या डिस्कवर.

पुस्तककीडा
रात्री सव्वाआठचा लावला. पण आता शेवटची अडचण, आणि ती तात्यांची आहे.

तात्या आमचे शिपाई. तीस वर्षं रोज रात्री साडेआठला वाचनालयाचा मेन स्विच खाली करतात. सर्व्हरवर 'बंद करू नये' असा कागद चिकटवला, तर म्हणाले, 'मी कुठे त्याला हात लावतो? मी मेन बंद करतो.' मग यूपीएस ओरडत बसतो आणि पाऊण तासाने मशीन धाडकन बंद. वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. इमारत जुनी, लाकडी माळा, त्यांचंही चूक नाही.

फोंडेकर
मग तात्यांनाच सिस्टममध्ये घ्या. शेड्युलरमध्ये ८:२५ ला व्यवस्थित शटडाउन लावा. बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर सुरू हो' असा पर्याय असतो, तो चालू करा. एसक्यूएलची सर्व्हिस आपोआप सुरू होते, त्यासाठी कुणी लॉगिन करावं लागत नाही. सकाळी तात्यांनी मेन वर केला की सर्व्हर उठेल.

पुस्तककीडा
केलं. उठला नाही.

फोंडेकर
अरेच्चा.

सर्किटबाबा
यूपीएस! मशीन नीट बंद झालं की भार नाहीसा होतो, यूपीएस रात्रभर बॅटरीवर आरामात वीज देत राहतो. बायोसच्या दृष्टीने वीज गेलीच नाही, मग ती 'परत आली' कशी म्हणणार? तात्यांना सांगा, मेनच्या आधी यूपीएसचं बटणही बंद करायचं, सकाळी दोन्ही चालू.

पुस्तककीडा
आज सकाळी पावणेआठला गेलो. तात्यांनी मेन वर केला, मग वाकून यूपीएसचं बटण दाबलं. पंखा घरघरला. आठला दार उघडलं, पहिली देवघेव आठ वाजून चार मिनिटांनी, दिवाळी अंक, सभासदाचं नाव मराठीत. तात्यांनी रात्री बंद करायच्या क्रमाने खडूने आकडे लिहिलेत, यूपीएसवर १ आणि मेन स्विचखाली २. म्हणाले, 'मी सुट्टीवर गेलो तर दुसऱ्याला कळायला नको?'